दुष्काळ खोडून टंचाई

माझ्या आजीला स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. वय विचारलं की ती म्हणायची, "बहात्तरच्या दुष्काळात तुझा बाप माझ्या कडेवर होता. घाल हिशोब." त्या वर्षी ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी मिळायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या लाल भाकऱ्या व्हायच्या. तिच्या लेखी टंचाई पाण्याची असायची, रॉकेलची असायची. वर्ष मात्र दुष्काळाचं.

कायद्याच्या पुस्तकात हा शब्द तेव्हा उरलाच नव्हता, हे मला कॉलेजात असताना कळलं. महाराष्ट्र सरकारने १९६३ साली एक कायदा केला होता. राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढायचा आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घालायचा, एवढंच त्याचं काम. कारण असं दिलं होतं की सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत नजर ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, म्हणून दुष्काळ पडायला आता वावच नाही. हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग आजी आठवली.

पण चिडण्याआधी थोडं मागे जाऊ या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं अक्षरशः भुकेने मेली. सरकारी कामांवर मजुरी किती द्यायची, तर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ती पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. इतक्यावर दिवसभर माती उपसायची. मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून 'फॅमिन कोड' तयार झाले. कामं कधी काढायची, मजुरी किती द्यायची, सारा कधी तहकूब करायचा, सगळं त्यात लिहिलेलं होतं. त्यामुळे 'दुष्काळ' हा नुसता शब्द राहिला नाही. तो उच्चारला की तिजोरी उघडावी लागायची. म्हणूनच १८९६ साली टिळकांनी 'केसरी'तून शेतकऱ्यांना या कोडमधले हक्क समजावून सांगितले. अधिकारी तो शब्द का टाळत असतील, हे वेगळं सांगायला नको.

मग १९६३ चा कायदा म्हणजे शुद्ध लबाडी होती का? मला तसं ठामपणे म्हणता येत नाही. बहात्तर साली पाऊस सपशेल रुसला, पण १८७७ सारखे मृत्यू झाले नाहीत. मे १९७३ मध्ये राज्यातल्या सरकारी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. आजी त्यांतलीच एक. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. नजर ठेवून असण्याचं वचन बऱ्याच अंशी पाळलं गेलं. मोर्चे, संप आणि विरोधी पक्षांचा रेटा होता, म्हणूनही ते पाळलं गेलं.

तरीही शब्द मऊ केला की त्याची एक सवय लागते. २०१६ साली भारतीय हवामान खात्याने आपल्या परिभाषेतून 'ड्रॉट' हा शब्द काढला आणि त्या जागी 'तुटीचं वर्ष' अशा अर्थाची संज्ञा आणली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने आधी १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती असल्याचं सांगितलं. आठवड्याभराने त्यातल्या १५१ तालुक्यांत 'दुष्काळ' जाहीर झाला: ११२ गंभीर, ३९ मध्यम.

'सदृश' या तीन अक्षरांनी काय फरक पडतो, असं वाटेल. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट मिळते, कर्जाचं पुनर्गठन होतं, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते आणि विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ होते. त्या वर्षी माझ्या चुलत भावाची फी माफ झाली, कारण आमचा तालुका यादीत होता. ज्यांचा नव्हता, त्यांच्या विहिरीतलं पाणी काही त्यामुळे वाढलं नसणार.

आजी गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिचा तो तलाव अजून आहे, उन्हाळ्यात कोरडा पडतो. गावात कुणालाही विचारा, हा कधी बांधला? उत्तर एकच येतं: दुष्काळात.