पत आणि सत्ता



बँकेंत ठेवलेला पैसा ठेवीदारांचा असतो. परंतु तो कर्जाऊ कोणास द्यावयाचा, हें मूठभर संचालक ठरवितात. धन अनेकांचें आणि निर्णय थोड्यांचा, या व्यवस्थेंतून आर्थिक सत्ता कशी एकवटते, हें आमच्या खानदेशच्या कापसापासून सांगतां येईल.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें आणि इंग्लंडच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला. खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचें मोल आलें आणि मुंबईंत पैशाचा पूर लोटला. १८४० सालीं स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्यानें शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रसिद्ध व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचें वजन त्या बँकेंत इतकें वाढलें कीं, त्यांच्या शब्दावर मोठमोठीं कर्जें मिळूं लागलीं. शेअरांवर कर्ज आणि त्या कर्जांतून पुन्हा शेअर, असें रहाटगाडगें फिरत राहिलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला आणि हें कागदी वैभव विरून गेलें. बँक बुडाली. १८६८ सालीं त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली, आणि १८७६ च्या कायद्यानें अशा बँकांच्या व्यवहारांस कडक बंधनें घातलीं.

या बंधनांनीं साहसाला आळा बसला. परंतु पत कोणाच्या वांट्यास यावी, हा प्रश्न सुटला नाहीं. स्वातंत्र्यानंतरहि अनेक मोठ्या बँका उद्योगपतींच्या घराण्यांच्या वर्चस्वाखालीं होत्या. १९५१ ते १९६८ या काळांत बँकांच्या कर्जांतील उद्योगधंद्यांचा वांटा सुमारें ३४ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेला; शेतीचा मात्र दोन टक्क्यांच्या आसपासच राहिला. मोठ्या घराण्यांस बँकांचा पैसा सहज मिळतो व त्यानें मक्तेदारी बळावते, हें १९६५ सालीं मक्तेदारी चौकशी आयोगानेंहि दाखविलें. ज्याच्यापाशीं तारण, त्यालाच कर्ज. आणि ज्याला कर्ज, त्याचेंच तारण वाढे! त्या दिवसांत नवापूरकडील आदिवासी शेतकऱ्यास बियाण्यासाठीं सावकाराचाच उंबरा गांठावा लागे.

१९ जुलै १९६९ रोजीं ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें. १९३५ सालीं पुण्यांत स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानें पतपुरवठ्याचें नियोजन जिल्ह्यांच्या पायावर करण्याचा विचार मांडला, आणि त्याच वर्षाअखेर अग्रणी बँक योजना आली. बँकांच्या शाखा खेड्यापाड्यांपर्यंत पोहोंचल्या.

परंतु मालक बदलल्यानें मोठ्या ऋणकोचें वजन नाहींसें होत नाहीं. मार्च २०१८ मध्यें देशांतील बँकांच्या एकूण कर्जांपैकीं ११ टक्क्यांहून अधिक कर्ज थकीत होतें, आणि त्यांत मोठ्या उद्योगांचा वांटा फार मोठा होता. एप्रिल २०१९ पासून एका उद्योगसमूहास द्यावयाच्या कर्जावर बँकेच्या मूळ भांडवलाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली. तरी २०२० सालीं रिझर्व्ह बँकेच्याच एका गटानें मोठ्या उद्योगसमूहांस बँका काढूं देण्याची शिफारस केली. कर्ज देणारा आणि घेणारा एकच झाला, तर ‘नाहीं’ कोण म्हणणार?

लहान माणसानें ठेव ठेवतांना व्याजाचा दर पाहावा, हें योग्यच. पण आपला पैसा कोणाचें सामर्थ्य वाढवीत आहे, हेंहि त्यानें विचारावें. १८६५ च्या मुंबईंत तें कोणी विचारलें नव्हतें.