वडाचे झाड आणि संगणक



भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात एका दलालाच्या कचेरीत मी बसलो होतो. शेजारी माझ्याच वयाचे एक निवृत्त शिक्षक होते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम कोणत्या समभागांत घालावी, हे त्यांना हातातील फोन सांगत होता. "माणूस लोभाने सल्ला देतो, यंत्राला लोभ नसतो," असे ते म्हणाले. या वाक्याने मला थेट १८६५ सालात नेऊन सोडले.

त्या काळी मुंबईचे दलाल वडाच्या झाडाखाली जमत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले, आणि तो पैसा नव्या बँका व समुद्र हटविणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत ओतला गेला. प्रेमचंद रायचंद यांनी समभाग घेतले, एवढी वार्ता लोकांना पुरत असे. कारण विचारण्याची रीतच नव्हती. पुढे युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा हिशेब चुकता होईना. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. प्रेमचंदांची संपत्तीही गेली. ज्याच्यामागे लोक धावले, तो निदान त्यांच्याबरोबर बुडाला. (राजाबाई टॉवर पाहताना मला हे नेहमी आठवते.)

१९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराने पडद्यावरचा व्यवहार सुरू केला आणि उपग्रहामार्फत बाजार गावोगावी पोहोचला. २००८ नंतर सौदे आज्ञावलींच्या हाती जाऊ लागले. आता यंत्र जुन्या भावांवरून शिकते. पण ते भाव माणसांच्याच लोभाने आणि भयाने घडलेले असतात, हे आपण विसरतो. शिवाय हजारो यंत्रे एकच धडा गिरवू लागली, तर ती एकदमच विकावयास निघतील. वडाखालीही तेच झाले होते.

सेबीने २०१९ मध्ये दलालांकडून अशा यंत्रांच्या वापराची माहिती मागविण्यास आरंभ केला. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत सल्लागारावर बंधन आले, की कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर किती होतो हे त्याने ग्राहकास सांगावे, आणि सल्ल्याची जबाबदारी त्याचीच राहील. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. परंतु तो नोंदणी केलेल्यालाच लागू पडतो.

म्हणून मी त्या गृहस्थांना विचारले, "तुमच्या सल्लागाराचा नोंदणी क्रमांक काय?"

त्यांनी चष्मा पुसला आणि फोन बराच वेळ वरखाली करून पाहिला. तेथे एक चित्र होते; नाव कोणाचेच नव्हते.