वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक

वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक म्हणजे एखाद्या व्यक्तीची शारीरिक स्थिती, वय, उद्दिष्ट आणि दिनक्रम लक्षात घेऊन तिच्यासाठी व्यायामाचा आराखडा तयार करणारी, तो शिकवणारी आणि तिच्या प्रगतीवर देखरेख ठेवणारी व्यक्ती होय. बोलीभाषेत त्यास 'पर्सनल ट्रेनर' किंवा नुसते 'ट्रेनर' असे म्हटले जाते. विशिष्ट खेळाची तयारी करून घेणारा क्रीडा मार्गदर्शक, शाळेतील शारीरिक शिक्षण शिक्षक आणि आजार वा दुखापतीनंतर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट यांच्यापेक्षा त्याचे काम वेगळे असते. त्याच्याकडे येणारे बहुतेक लोक खेळाडू नसतात. वजन कमी करणे, ताकद वाढवणे, मधुमेह किंवा रक्तदाब आटोक्यात ठेवण्यास मदत मिळवणे अथवा उतारवयात हालचाल टिकवणे ही त्यांची सर्वसाधारण उद्दिष्टे असतात.

बहुतेक देशांत या व्यवसायासाठी वैद्यकीय व्यवसायासारखा सक्तीचा कायदेशीर परवाना नाही. त्यामुळे प्रशिक्षकाची पारख करण्याची जबाबदारी बरीचशी ग्राहकावरच येते. ही पारख अनेकदा प्रशिक्षकाच्या शरीरयष्टीवरून केली जाते. परंतु स्वतःचे शरीर कमावणे आणि दुसऱ्याच्या शरीराला काय झेपेल हे ओळखणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. व्यायाम व्यक्तीनुसार बेतणे, भार क्रमाने वाढवणे, आपल्या अधिकाराच्या मर्यादा ओळखणे आणि शिकणाऱ्यास हळूहळू स्वावलंबी करणे हे चांगल्या प्रशिक्षकाचे प्रमुख गुण मानले जातात.

इतिहास

प्राचीन ग्रीस व रोम

प्राचीन ग्रीसमध्ये मल्ल, मुष्टियोद्धे आणि धावपटू यांना तयार करणारे व्यावसायिक प्रशिक्षक होते. वैद्य आणि प्रशिक्षक यांच्यातील अधिकारक्षेत्राचा वादही तितकाच जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलन याने पर्गमम येथे ग्लॅडिएटरांवर उपचार केले होते. आरोग्यरक्षण हा विषय वैद्यकाचा की व्यायामकलेचा, या प्रश्नावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

फिलोस्ट्रॅटस या ग्रीक लेखकाच्या 'जिम्नॅस्टिकस' या ग्रंथात प्रशिक्षकांच्या कामाची चिकित्सा आढळते. त्या काळी चार दिवसांचे एक ठरावीक चक्र प्रचलित होते: पहिल्या दिवशी पूर्वतयारी, दुसऱ्या दिवशी कठोर व्यायाम, तिसऱ्या दिवशी विश्रांती व चौथ्या दिवशी मध्यम व्यायाम. फिलोस्ट्रॅटसने या चक्राच्या आंधळ्या वापरावर टीका केली आणि गेरेनस नावाच्या मल्लाचे उदाहरण दिले. ऑलिंपियातील विजयानंतर मेजवानीत मद्यपान केलेला गेरेनस दुसऱ्या दिवशी व्यायामास आला, तेव्हा त्याने आपली प्रकृती ठीक नसल्याचे प्रशिक्षकास सांगितले. प्रशिक्षकाने रागावून त्याच्याकडून चक्रातील नेमून दिलेला व्यायाम करून घेतला आणि त्या श्रमातच गेरेनसचा मृत्यू झाला, असे फिलोस्ट्रॅटसने नोंदवले आहे. समोरच्या माणसाची त्या दिवशीची स्थिती न पाहता ठरलेला आराखडा राबवणे हा प्रशिक्षकाचा दोष होय, असा त्याचा मथितार्थ आहे.

भारत

सुश्रुतसंहितेत व्यायाम स्वतःच्या शक्तीच्या निम्म्याइतकाच करावा, असे सांगितले आहे. वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार यांचा विचार करून व्यायाम करावा, अन्यथा रोग होण्याचा संभव असतो, असेही त्यात म्हटले आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लविद्येवर स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांची वर्गवारी, आहार आणि सराव यांची माहिती आहे.

महाराष्ट्रात ही परंपरा तालमींमधून चालत आली. तालमीतील वस्ताद हा पठ्ठ्याचे जोर, बैठका, लढती आणि खुराक ठरवतो, तसेच त्याला कोणत्या जोडीशी लढवायचे याचाही निर्णय घेतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला व खासबाग मैदान उभारले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (स्थापना १९२४) या संस्थांनी व्यायामाला तालमीबाहेरील सामान्य नागरिकांपर्यंत नेले. तालमीतील शिक्षण सामूहिक असले, तरी वस्ताद प्रत्येक पठ्ठ्याला वर्षानुवर्षे ओळखत असे. आजच्या वैयक्तिक प्रशिक्षकाला ही ओळख थोड्या भेटींत आणि बहुधा प्रौढ, बैठे काम करणाऱ्या व्यक्तीशी करून घ्यावी लागते.

आधुनिक काळ

यूजेन सँडो याने १८९७ साली लंडनमध्ये शरीरसंवर्धनाची संस्था सुरू केली. पुढे १९०४-०५ च्या सुमारास त्याने भारताचाही दौरा केला. अमेरिकेत जॅक ललेन याने १९३६ साली ओकलंड येथे व्यायामशाळा काढली आणि पुढे दूरचित्रवाणीवरून सामान्य प्रेक्षकांना, विशेषतः गृहिणींना, व्यायाम शिकवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या स्नायूंना बळकटी आणण्यासाठी क्रमाने वाढत्या वजनांची पद्धत वापरली. या पद्धतीमुळे वजनांच्या व्यायामाला वैद्यकीय मान्यता मिळण्यास मदत झाली. १९५४ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि १९७८ साली नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन या संस्था स्थापन झाल्या. प्रशिक्षकांसाठी परीक्षा व प्रमाणपत्रे देण्याची पद्धत अशा संस्थांमधून रूढ झाली.

कार्यपद्धती

पूर्वतपासणी

प्रशिक्षणाची सुरुवात व्यायामाने नव्हे, तर प्रश्नांनी होते. यासाठी जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची प्रश्नावली मूळची कॅनडातील आहे. हृदयविकार, छातीत दुखणे, चक्कर येणे, हाडे व सांध्यांच्या तक्रारी आणि चालू औषधे यांविषयी तीत विचारणा केली जाते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असल्यास अधिक चौकशी आणि गरजेनुसार वैद्यकीय सल्ला घेतल्यावरच व्यायाम सुरू केला जातो. जुन्या दुखापती, झोप, कामाचे स्वरूप आणि पूर्वी व्यायाम का सुटला, याचीही नोंद उपयुक्त ठरते.

यानंतर उंची, वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, सांध्यांची हालचाल, तोल आणि मूलभूत ताकद पाहिली जाते. भारतीयांमध्ये कमी वजनालाही मधुमेहाचा धोका वाढत असल्याने त्यांच्यासाठी निराळ्या मर्यादा सुचवण्यात आल्या आहेत. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमीपर्यंत पोहोचला की जोखीम वाढल्याचे समजले जाते. शरीर सडपातळ दिसते म्हणून ही मोजणी वगळणे योग्य ठरत नाही.

आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायामही करावेत. या शिफारशी सर्वांसाठी असतात. त्या एका व्यक्तीच्या आठवड्यात बसवणे हे प्रशिक्षकाचे काम असते.

आराखडा पुढील तत्त्वांवर आधारलेला असतो:

• क्रमिक भारवृद्धी: शरीर सवयीच्या भाराला सरावते, म्हणून वजन, आवर्तने किंवा कालावधी थोडा थोडा वाढवला जातो.
• विशिष्टता: ज्या क्षमतेचा सराव होतो तीच प्रामुख्याने वाढते. जिना चढताना दम लागणाऱ्या व्यक्तीला केवळ दंडाचे व्यायाम देऊन तिचे उद्दिष्ट साध्य होत नाही.
• विश्रांती: स्नायूंमधील अनुकूल बदल व्यायामानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत घडतात.
• प्रत्यावर्तन: व्यायाम थांबल्यास मिळवलेली क्षमता हळूहळू कमी होते. त्यामुळे टिकेल असा साधा आराखडा न टिकणाऱ्या कठोर आराखड्यापेक्षा श्रेयस्कर ठरतो.

सरसकट सूत्रे वापरताना त्यांच्या मर्यादा माहीत असाव्या लागतात. २२० मधून वय वजा करून हृदयगतीची कमाल मर्यादा काढण्याचे सूत्र प्रसिद्ध आहे. परंतु प्रत्यक्षातील गती त्याहून १० ते १२ ठोक्यांनी कमी-अधिक असणे सामान्य आहे. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती श्रमातही फारशी वाढत नाही, त्यामुळे त्यांच्याबाबत हे सूत्र दिशाभूल करते. अशा वेळी बोलण्याची चाचणी उपयोगी पडते. व्यायाम करताना वाक्ये बोलता येतात पण गाता येत नाही, अशी अवस्था साधारणपणे मध्यम तीव्रतेची मानली जाते.

शिकवणे व देखरेख

प्रशिक्षक आधी कृती करून दाखवतो, नंतर एका वेळी एकच सूचना देतो आणि चूक दिसल्यास वजन कमी करून कृती सुधारून घेतो. जड वजन उचलताना आधार देण्यासाठी तो जवळ उभा राहतो. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम चढतो; म्हणून उच्च रक्तदाब असलेल्यांना श्वासाचे तंत्र प्रथम शिकवले जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही काळ व्यायाम करत असलेल्या पुरुषांच्या दोन गटांना १२ आठवडे एकच आराखडा देण्यात आला. प्रशिक्षकाच्या थेट देखरेखीखालील गटाने भार अधिक वेगाने वाढवला आणि त्याची ताकदही जास्त वाढली. आराखडा समान असूनही देखरेखीने फरक पडतो, हे त्यातून दिसून आले.

धोके

नवीन व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत जाणवणारे अंगदुखीचे स्वरूप बहुधा निरुपद्रवी असते. मात्र अंगदुखी हे चांगल्या व्यायामाचे माप नव्हे. सवय नसलेल्या व्यक्तीकडून पहिल्याच दिवशी अतिश्रम करून घेतल्यास स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील घटक रक्तात मिसळतात. या अवस्थेस ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. तीव्र वेदना, सूज आणि कोऱ्या चहासारख्या गडद रंगाची लघवी ही तिची लक्षणे होत. तिच्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते. उष्ण व दमट हवेत हा धोका वाढतो.

इन्सुलिन किंवा रक्तशर्करा घटवणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेहींची साखर व्यायामादरम्यान किंवा नंतर काही तासांनी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. छातीत दडपण, अनपेक्षित धाप, चक्कर किंवा जबडा व डाव्या हातात पसरणारी वेदना जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवला जातो. त्यामुळे हृदयपुनरुज्जीवनाचे अद्ययावत प्रशिक्षण ही प्रशिक्षकाची मूलभूत पात्रता समजली जाते.

अधिकाराच्या मर्यादा

रोगनिदान करणे, औषध सुचवणे वा बंद करणे आणि आजारासाठी पथ्याहार ठरवणे ही प्रशिक्षकाची कामे नाहीत. जेवणातील प्रथिने, भाज्या व पाणी यांविषयी तो सर्वसाधारण माहिती देऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीने किती प्रथिने घ्यावीत हा प्रश्न मात्र डॉक्टर व आहारतज्ज्ञ यांचा आहे. भारतात ॲनाबॉलिक स्टेरॉइडे औषध नियमांच्या अनुसूची 'एच'मध्ये मोडतात व नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. व्यायामशाळेत परस्पर दिल्या जाणाऱ्या अशा इंजेक्शनांमुळे हृदय, यकृत आणि प्रजननक्षमतेवर दुष्परिणाम होऊ शकतात. पूरक आहाराच्या विक्रीवर दलाली घेणाऱ्या प्रशिक्षकाच्या सल्ल्यात हितसंबंधांचा प्रश्नही उद्भवतो.

वर्तनविषयक मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. शरीराची स्थिती सुधारण्यासाठी स्पर्श करण्यापूर्वी परवानगी घेणे, आरोग्यविषयक माहिती गुप्त ठेवणे, संमतीशिवाय छायाचित्रे न वापरणे आणि शरीराविषयी लाज वाटेल अशी भाषा टाळणे हे व्यावसायिक आचारात अपेक्षित असते.

पात्रता व नियमन

भारतात शारीरिक शिक्षणाच्या पदव्या विद्यापीठांतून मिळतात. राष्ट्रीय कौशल्य विकास चौकटीत फिटनेस प्रशिक्षकासाठी स्वतंत्र कौशल्य मानक आहे. याशिवाय परदेशी संस्थांची प्रमाणपत्रेही प्रचलित आहेत. ब्रिटनमध्ये व्यायामशाळा प्रशिक्षकासाठी दुसरा व वैयक्तिक प्रशिक्षकासाठी तिसरा स्तर अशी श्रेणीरचना आहे. प्रमाणपत्रांचा दर्जा समान नसतो. काहींसाठी देखरेखीखाली परीक्षा, प्रथमोपचार आणि ठरावीक काळाने नूतनीकरण आवश्यक असते, तर काही अल्प मुदतीच्या ऑनलाइन वर्गांनंतर मिळतात. त्यामुळे प्रमाणपत्र देणारी संस्था, परीक्षेचे स्वरूप आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव या तिन्ही बाबी पाहिल्या जातात.

गुणवत्तेचे मूल्यमापन

आधीची व नंतरची छायाचित्रे हे जाहिरातीचे लोकप्रिय साधन असले, तरी प्रशिक्षणाचे मूल्यमापन करण्यास ते अपुरे आहे. कारण ज्यांना दुखापत झाली किंवा ज्यांनी मध्येच सोडून दिले त्यांची छायाचित्रे त्यात नसतात. नियमितपणा, दुखापतींचे प्रमाण, लेखी नोंदी आणि दैनंदिन कामातील सुलभता ही अधिक विश्वसनीय मापे ठरतात. वृद्ध व्यक्तीला हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येणे हे वजनकाट्यावरील आकड्यापेक्षा महत्त्वाचे असू शकते.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या आत्मनिर्धारण सिद्धांतानुसार स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपुलकीचे नाते या गरजा भागल्यास प्रेरणा टिकून राहते. धाक दाखवून करून घेतलेला व्यायाम धाक संपताच सुटण्याची शक्यता असते. या व्यवसायातील एक आर्थिक पेचही येथेच आहे. प्रशिक्षकास सत्रागणिक मानधन मिळत असल्याने ग्राहक अवलंबून राहणे त्याच्या फायद्याचे असते, तर ग्राहकाचे हित स्वतंत्रपणे व्यायाम करता येण्यात असते. म्हणून काही प्रशिक्षक प्रत्येक व्यायामामागील कारण समजावून सांगतात, नोंदवही ग्राहकाकडेच ठेवतात आणि काही महिन्यांनी सत्रांची संख्या कमी करत नेतात. प्रशिक्षक समोर नसतानाही ग्राहकाला आपला व्यायाम सुरक्षितपणे करता येणे, भार कधी वाढवावा व कधी थांबावे हे ठरवता येणे, हे यशस्वी प्रशिक्षणाचे लक्षण मानले जाते.