शेजारच्या टीव्हीतल्या मुंग्या

जीएसएम मोबाईल कधी कॉम्प्युटरच्या स्पीकरशेजारी ठेवला असेल, तर तो 'टर्र-टर्र-टरररर' आवाज तुम्हाला पाठ असेल. फोन वाजायच्या आधीच स्पीकर बातमी द्यायचा! कारण सोपं आहे. असा फोन सलग प्रक्षेपण करत नाही, सेकंदाला साधारण २१७ वेळा ठोके मारल्यासारखं करतो. स्पीकरची वायर नकळत अँटेना बनते आणि ते ठोके आपल्या कानावर येतात. मिक्सरचंही तेच. छतावरच्या अँटेनाच्या जमान्यात आईने चटणी वाटायला घेतली, की टीव्हीवर मुंग्या! मोटरच्या कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एक चिमुकलं रेडिओ स्टेशन.

आता गंमत बघा. मिक्सर बिघडलेला नाही, चटणी झकास होतेय. सोसतोय तो टीव्ही. गोंगाट एकाचा, ताप दुसऱ्याला. घरगुती कॉम्प्युटरचा सुरुवातीचा इतिहास नेमका याच मुद्द्यावर अडला होता.

जानेवारी १९७५. अमेरिकेत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर ऑल्टेर ८८०० झळकला. किट मागवा, घरी सोल्डर करून जोडा. ना कीबोर्ड, ना स्क्रीन. पुढे फक्त खटके आणि लाल दिवे. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह डॉम्पिअरने तो जोडला. एकदा शेजारी रेडिओवर हवामानाचा अंदाज चालू असताना त्याने सॉर्टिंगचा प्रोग्रॅम लावला, तर रेडिओ त्या प्रोग्रॅमच्या तालावर आवाज करायला लागला!

आपण प्रोग्रॅमर लोक यातली मेख लगेच ओळखू. लूप सेकंदाला ४४० वेळा फिरला, तर रेडिओतून ४४० हर्ट्झचा स्वर. लूप लहान केला की स्वर चढतो. डॉम्पिअरने हे कोष्टक बसवलं आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत ऑल्टेरशेजारी रेडिओ ठेवून बीटल्सचं 'द फूल ऑन द हिल' वाजवून दाखवलं. ध्वनीसाठी एकही वेगळा भाग नव्हता. मशीनचा गोंगाट हेच वाद्य.

क्लबात टाळ्या पडल्या, पण दोन वर्षांत हीच यंत्रं दिवाणखान्यात आली आणि गंमत संपली. १९७७ सालचं ॲपल २ साधारण १ मेगाहर्ट्झवर चालायचं, टँडीचं टीआरएस-८० त्याच्या पावणेदोनपट वेगाने. पण डिजिटल सिग्नल चौकोनी असतो. ० वरून १ वर उडी घेताना तो मूळ वारंवारितेच्या कितीतरी पटींवरही ऊर्जा उधळतो. मग मिडियम वेव्ह रेडिओच काय, टीव्हीची चॅनेल्सही त्यात सापडतात. टीआरएस-८० चा डबा प्लॅस्टिकचा, म्हणजे अडवायला काही नाही. तिथेही काही हुशार मंडळींनी गेम्सना आवाज द्यायला शेजारी रेडिओ ठेवायची युक्ती वापरली म्हणा!

बाजाराने हे आपोआप का सुधारलं नाही? कारण दुकानात पैसे मोजणाऱ्याला त्रासच नव्हता. त्याचा कॉम्प्युटर मस्त चालायचा, मुंग्या शेजाऱ्याच्या टीव्हीवर. धातूचं कवच घालायला पैसे लागतात, आणि शेजाऱ्याच्या सोयीसाठी जास्त पैसे कोण देणार?

टीव्हीला थेट जोडायच्या उपकरणांना मात्र नियम आधीपासूनच कडक होते. ॲपलने त्यातून पळवाट काढली: टीव्हीला जोडणारा मॉड्युलेटर डब्यात दिलाच नाही, तो दुसऱ्याच कंपनीने वेगळा विकला. अटारीने सरळ मार्ग धरला. त्यांच्या १९७९ च्या ४०० आणि ८०० या मॉडेल्समध्ये ॲल्युमिनियमचं जाडजूड ओतीव कवच होतं.

शेवटी १९७९ मध्येच अमेरिकेच्या एफसीसीने कॉम्प्युटरसाठी दोन वर्ग पाडले. ऑफिससाठी 'ए', घरासाठी जास्त कडक 'बी'. घरातल्या यंत्राचा गोंगाट ३ मीटरवरून मोजायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेत हवा. टीआरएस-८० चं पहिलं मॉडेल यात बसणारं नव्हतं. जानेवारी १९८१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. केबलच्या टोकाशी जी जाड गाठ दिसते ना, ती फेराइटची. ती याच शिस्तीची खूण.

नियम पाळून विकलेलं यंत्र म्हातारपणीही शांत राहीलच असं नाही. वेल्समधल्या अबरहोसान गावात रोज सकाळी ७ वाजता सगळ्यांचं ब्रॉडबँड कोलमडायचं. हे १८ महिने चाललं. केबल बदलून झाल्या, फरक शून्य. शेवटी २०२० मध्ये इंजिनिअर्स स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन पहाटे गावात फिरले. सातच्या ठोक्याला गोंगाट उमटला, आणि माग निघाला एका घरातल्या जुन्या, सेकंडहँड टीव्हीपर्यंत. मालकाला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. त्याचा टीव्ही छान चालत होता!

म्हणूनच घरात खरखर आली की आपण नेमकं सोसणाऱ्या यंत्रालाच बडवत बसतो. गुन्हेगार दुसरीकडे असतो, आणि तो तब्येतीने ठणठणीत दिसतो. त्याला पकडायला महागडी यंत्रं लागतातच असं नाही. एखादा जुना मिडियम वेव्हचा रेडिओ सेलवर चालवा, दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि घरभर फिरवा. एलईडी बल्ब, चार्जर, राउटर एकेक करून बंद करत जा. स्वस्तातल्या चार्जरजवळ रेडिओ काय बोलतो, ते ऐकाच एकदा.

आणि सगळं बंद करूनही खरखर थांबली नाही, तर शेजारी जाऊन बेल वाजवा. पण भांडू नका हं, त्यांचंही सगळं छानच चाललेलं असणार!