साक्ष: मराठी ख्रिस्ती स्त्रियांचा श्रद्धेचा आणि न्यायाचा उच्चार

कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर आणि एलायझा वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी दांपत्य आले, आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती कार्याचा इतिहास पुढे बहुधा अशा मिशनऱ्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला. त्यामुळे ज्या मराठी स्त्रियांनी हा धर्म स्वतःच्या विचाराने स्वीकारला आणि त्याच्या आधारे अन्यायाविरुद्ध उघड बोलण्याचे धैर्य दाखवले, त्यांचे कर्तृत्व दुय्यम ठरले. मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे उपासक समुदायात, ‘साक्ष’ या शब्दाचा अर्थ देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत सांगणे असा आहे. न्यायालयात साक्ष म्हणजे पाहिलेले सत्य निर्भयपणे सांगणे. या स्त्रियांच्या जीवनात हे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे राहिले नाहीत.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी धर्मांतरापूर्वीच, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढे, म्हणजे शिक्षणाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या मंडळापुढे, पुण्यात साक्ष दिली आणि मुलींच्या शाळांसाठी स्त्री निरीक्षक नेमाव्यात, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशी मागणी केली. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु चर्चने सांगितलेला प्रत्येक सिद्धांत विचार न करता मान्य करण्यास त्यांनी ठाम नकार दिला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, हा प्रश्न भारतातील बिशपांनी, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखांनी, उपस्थित केला, तेव्हा आपल्या सदसद्विवेकावरील अधिकार आपण कोणाच्याही हाती सोपवलेला नाही, ही भूमिका त्यांनी पत्रांतून मांडली. शास्त्री-पंडितांच्या आज्ञेतून मुक्त झालेली स्त्री बिशपांच्या आज्ञेत जाणार नव्हती.

भारतात परतल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी उघडलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. तेथील मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो या आक्षेपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर या समाजसुधारकांसारखे सल्लागारही दूर झाले, तरी रमाबाईंनी काम थांबवले नाही, आणि १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार स्त्रिया व मुली आणून त्यांना आश्रय दिला, ज्यातून पुण्याजवळील केडगावचे मुक्ती सदन वाढले. त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात रुग्णालयात व विलगीकरण छावणीत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मधील पत्रातून जाहीर केली. मुंबईचे गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी हे आरोप फेटाळले. परंतु राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांच्या राज्यातील अन्यायाबद्दल मौन पाळावे, असे रमाबाईंना वाटले नाही. त्यांच्या सहकारी सुंदराबाई पवार यांनीही इंग्लंडमध्ये जाऊन ब्रिटिशांच्याच अफूच्या व्यापाराविरुद्ध आवाज उठवला.

बोलण्याचा अधिकार भाषेवरील अधिकाराशिवाय अपुरा असतो, हे रमाबाईंनी ओळखले होते. म्हणूनच हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले, जे केडगावच्याच छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापले आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी हीच वाट घराच्या उंबऱ्यातून पुढे नेली. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी वियोग सोसला, पतीचा निर्णय म्हणून नव्हे तर स्वतःची खात्री पटल्यावर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पूर्ण केले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळे, जातिभेद आणि स्वतःच्या मनातील बदल त्यांनी बोलीच्या सहजतेने नोंदवले.

या स्त्रियांनी श्रद्धा ही आज्ञापालनाची नव्हे, तर उत्तरदायित्वाची गोष्ट मानली. म्हणूनच समाज, धर्मसत्ता आणि राजसत्ता या तिघांपुढेही त्यांची साक्ष एकच राहिली. त्यांना मिशनच्या इतिहासातील तळटीप समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि मराठी समाजाच्या आत्मपरीक्षणाचेही त्यात नुकसान आहे.