पिकअप कॅम्पर : थंड प्रदेशासाठीची दिल्ली परिसरातील बांधणी

पिकअप गाडीच्या मागच्या हौद्यावर बसवलेली, झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय असलेली बंदिस्त खोली म्हणजे पिकअप कॅम्पर. ही खोली हौद्यातून उतरवून ठेवता येते आणि गाडी पुन्हा नेहमीच्या कामाला लावता येते. मोटार कॅराव्हॅनमध्ये गाडी आणि घर एकजीव असतात, तसे येथे नसते. अमेरिकेत हा प्रकार दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. भारतात टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे यांच्यावर काही हौशी मंडळींनी असे डबे चढवले होते. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस (२०१६) आणि टोयोटाची हायलक्स (२०२२) आल्यावर चारही चाकांना ओढ असलेली पिकअप घरच्या वापरासाठी घेणाऱ्यांना आणखी पर्याय मिळाले.

दिल्ली आणि तिच्या भोवतीचा राष्ट्रीय राजधानी परिसर या कामाला सोयीचा आहे. मनाली येथून सुमारे ५३० किलोमीटर. रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून लाहौलमधले सिस्सू आणि केलाँग हिवाळ्यातही बऱ्याच वेळा गाठता येतात. मालही सगळा हाताशी आहे : कीर्तीनगरला प्लायवूड आणि फोम, काश्मिरी गेटला गाड्यांचे सुटे भाग, करोलबागेत गाड्यांची सजावट व जोडसाहित्य, चांदणी चौकातल्या भगीरथ पॅलेसला विजेचे सामान, मायापुरीला मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग. पुण्या-मुंबईहून स्पीती किंवा लडाखला गाडीने निघालेले बरेच मराठी प्रवासी दिल्लीत मुक्काम करतात. राहिलेली कामे डोंगर लागण्याआधी उरकायला ही जागा सोयीची.

थंडीचा कॅम्पर करायचा म्हटले की बहुतेकांचे पहिले लक्ष हीटरकडे जाते. वास्तविक हीटर शेवटी येतो. आधी वजन, मग उष्णतारोधन, मग हवेची ये-जा आणि त्यानंतर ऊब, हा क्रम पाळला तर लहानसा हीटर पुरतो. क्रम उलटा केला तर मोठा हीटर लावूनही गादी ओली होते आणि माणूस गुदमरतो.

हौदा आणि वजन : दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा जेमतेम पाच फूट लांब असतो. त्यात सहा फुटी माणूस सरळ झोपू शकत नाही. यावर दोन उपाय आहेत. मागचा फाळका काढून डबा दीड-दोन फूट बाहेर न्यायचा, किंवा डब्याचा वरचा भाग केबिनवर पुढे नेऊन तेथे पलंग करायचा. पहिल्या उपायात वजन मागच्या आसामागे जाते आणि पुढची चाके हलकी पडतात. बर्फाळ वळणावर सुकाणू नेमके तेव्हाच ढिले वाटू लागते. दुसरा उपाय थंडीसाठी चांगला, कारण ऊब वर जाते आणि झोपणाराही वरच असतो. मात्र त्या पलंगाचा भार डब्याच्या सांगाड्याने पेलला पाहिजे. केबिनचा पत्रा त्यासाठी बनवलेला नसतो.

खासगी वापरासाठी सजवलेल्या पिकअपची भारक्षमता मालवाहू प्रकारापेक्षा बरीच कमी असते. नोंदणीपत्रावरचे एकूण वजन आणि गाडीचे रिकामे वजन पाहून हिशेब करावा. आठ बाय चार फुटांचा १२ मिलिमीटरचा एक प्लाय २० ते २५ किलोचा असतो. असे सहा वापरले की सव्वाशे किलोच्या वर नुसते लाकूड झाले. त्यात ४० लिटर पाणी, बॅटरी, हीटर, स्वयंपाकाचे सामान आणि चार माणसे धरा. कीर्तीनगरचा सुतार घरातल्या कपाटासारखे मजबूत काम करून देतो, पण गाडीला ते सोसत नाही. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, बाहेरून ॲल्युमिनियम किंवा एफआरपीचा पत्रा आणि आत पातळ प्लाय ही बांधणी योग्य. गाडी पूर्ण भरून धर्मकाट्यावर तोलावी, पुढच्या व मागच्या आसाचे वजन वेगवेगळे घ्यावे. मागचे पाटे जाड केले म्हणून कायदेशीर भारक्षमता वाढत नाही.

उष्णतारोधन : दोन मीटर लांब, १.६ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच डब्याचे सहाही बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस मीटर भरते. बाहेर उणे १५ आणि आत १५ अंश सेल्सिअस ठेवायचे, तर नुसत्या पत्र्याच्या डब्यातून जवळजवळ २,८०० वॉट उष्णता निसटते. त्याच भिंतींना २५ मिलिमीटर पॉलियुरेथेन फोम लावला की हा आकडा साडेचारशे वॉटच्या आसपास येतो. इंचभर जाडीने एवढा फरक पडतो, म्हणून या कामात कसर करू नये. शीतपेट्यांच्या ट्रकसाठी वापरतात ते पफ पॅनेल दिल्ली परिसरात सहज मिळतात आणि या कामाला उत्तम असतात. वाकड्या जागी बंद पेशींचा नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीई फोम चिकटवावा. कापूस, काचतंतूची गादी किंवा उघड्या पेशींचा सोफ्याचा फोम वापरू नये, कारण ते ओल पितात आणि वाळत नाहीत.

सर्वाधिक चुका सांगाड्यात होतात. फोम पॉलियुरेथेनचा असला तरी मधली ॲल्युमिनियमची नळी आतून बाहेरपर्यंत सलग गेली असेल तर थंडी तिच्यातून आत येते. ॲल्युमिनियम फोमपेक्षा हजारो पट अधिक उष्णता वाहते. अशा नळीवर रात्री आधी दव आणि मग बर्फाचा पापुद्रा जमतो. तिच्यावर आतून निदान १० मिलिमीटर फोमची पट्टी हवीच. जमीनही विसरली जाते. हौद्याचा पत्रा खालून वाऱ्याला उघडा असतो, म्हणून तळाशी २५ मिलिमीटर एक्सपीएस फोम आणि वर ९ मिलिमीटर प्लाय घालावा. खिडक्या लहान व दुहेरी ॲक्रिलिकच्या असाव्यात. छत वर उचलणारे कापडी बाजूंचे कॅम्पर आणि टपावरचे तंबू कडक थंडीसाठी घेऊ नयेत. कापडाला जाडी नसते आणि हिमाचलातला रात्रीचा वारा ते सोसत नाही.

दिल्लीच्या उन्हाचाही विचार येथेच करावा. मे-जूनमध्ये ४५ अंशांत उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो, साधा रबरी चिकटद्रव मऊ पडतो आणि फोम भिंतीपासून सुटतो. हिवाळ्याआधी चिकटवलेले काम एका उन्हाळ्यानंतर पुन्हा तपासावे.

ओल आणि हवा : दोन माणसे आठ तासांच्या झोपेत श्वास व घामावाटे अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. पंधरा अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे पावणेपाच घनमीटरच्या बंद डब्यात मावणारे बाष्प जेमतेम साठ ग्रॅम. उरलेले सगळे पाणी भिंतीवर, खिडकीवर आणि गादीखाली जाते. उणे १५ अंशांच्या हवेत मात्र घनमीटरमागे फक्त दीड ग्रॅमच्या आसपास बाष्प असते, म्हणून बाहेरची गोठवणारी हवा आत घेऊन तापवली की ती कोरडी होऊन ओल शोषते. तासाला सुमारे १५ घनमीटर हवा बदलली तर डबा कोरडा राहतो आणि त्यासाठी उष्णतेचा खर्च येतो दीडशे वॉट. एवढी किंमत आनंदाने द्यावी. खाली एक झडप, छताजवळ दुसरी, दोन्ही पूर्ण बंद न होणाऱ्या, एवढी सोय पुरते. थंडी वाजते म्हणून त्यांत बोळे कोंबणे हा जिवाशी खेळ आहे. गादीखालच्या प्लायला भोके पाडावीत, नाहीतर सकाळी गादीची खालची बाजू ओली सापडते.

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी लावून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन येथे गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक मरण पावले. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डब्यात कोळसा, बुखारी, उघड्या ज्योतीचा हीटर काहीही पेटवून झोपू नये. पलंगाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी लावावी. उंचीवरच्या विरळ हवेने होणाऱ्या डोकेदुखीत आणि विषबाधेच्या डोकेदुखीत फरक कळत नाही, म्हणून या यंत्राला पर्याय नाही.

ऊब : वेबास्टो आणि एबर्श्पेखर या जर्मन कंपन्यांनी घडवलेला डिझेल हीटर हा आज सर्वांत योग्य पर्याय आहे. त्यात डिझेल बंद कक्षात जळते, ज्वलनाचा धूर नळीने बाहेर जातो आणि आतली हवा धातूच्या पात्यांवरून फिरून गरम होते. वरच्या हिशेबाने भिंतींचे साडेचारशे आणि हवेचे दीडशे मिळून सहाशे वॉट लागतात, म्हणजे दोन किलोवॉटचा हीटर मुबलक झाला. तो रात्रभरात एक ते अडीच लिटर डिझेल घेतो. पेटताना ज्वलनकांडी तापवायला बराच विद्युतप्रवाह लागतो, पुढे पंख्याला वीस-तीस वॉट पुरतात. पाच किलोवॉटचा हीटर लहान डब्यात सतत मंद आचेवर चालतो, काजळी धरतो आणि बंद पडतो.

उंचीवर काजळीचा त्रास आणखी वाढतो. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्के असतो. पंप मात्र दिल्लीत ठरवलेलेच डिझेल पाठवतो. ऑक्सिजन कमी, इंधन तेवढेच, म्हणजे धूर. उंचीनुसार इंधन कमी करणारा हीटर घ्यावा किंवा पंपाचा वेग कमी करण्याची सोय तपासून घ्यावी. धुराची नळी खिडकीच्या विरुद्ध बाजूला सोडावी आणि बर्फ पडत असेल तर रात्रीतून एकदा उठून तिचे तोंड मोकळे आहे का ते पाहावे.

डिझेलचाही प्रश्न आहे. भारतीय मानकानुसार मैदानी हिवाळी डिझेलचे गाळणी तुंबण्याचे तापमान कमाल ६ अंश असते. दिल्लीला ते पुरते, स्पीतीत नाही. थंडीत डिझेलमधले मेण साखळते आणि गाळणी तुंबते. इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीत, म्हणजे राजधानी परिसरातच, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तयार केले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी ते विक्रीला आणले. दिल्लीत टाकी पूर्ण भरून स्पीतीतल्या काझापर्यंत जाऊ नये. वाटेत टाकी उतरू द्यावी आणि डोंगरातले डिझेल भरावे. हीटरला वेगळी टाकी असेल तर तिचीही तीच काळजी. ज्या इंजिनांना युरियाचे द्रावण लागते, त्यांचे द्रावण उणे ११ अंशांला गोठते.

वीज, गॅस, पाणी : लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करू नये, आतल्या पटलांवर लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची खराब होते. तिची जागा उबदार डब्यात, बिछान्याखाली. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास वीज असते, हीटरच्या एका रात्रीला त्यातली पाव पुरते. घरगुती गॅसमधला ब्युटेन उणे अर्धा अंशाखाली वायू होतच नाही, म्हणून लेहच्या पहाटे सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. तेथे पाणी ८८ अंशांना उकळते, डाळ प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही. पाण्याची टाकी आतच ठेवावी. शौचालयाच्या बाबतीत लडाख आणि स्पीतीतल्या घरांची कोरड्या संडासाची पद्धत अनुकरणीय आहे, तिथे गोठायला पाणीच नसते.

कायदा : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याची तपासणी पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थांत होते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगरवाहतूक वाहनांत मोडते, तर महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. हौद्यात बोल्टने बसवलेला सुटा डबा मात्र अधांतरी आहे. तो सामान समजला जाईल असे स्वतःच ठरवू नये. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण अपघातानंतर तोंडी आश्वासनाला किंमत नसते.

दिल्लीत आणखी एक पेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर येथे बंदी आली. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईबाबत अंतरिम आदेश दिले. हिवाळ्यात प्रदूषण वाढले की बीएस-४ डिझेल गाड्यांनाही काही टप्प्यांत मज्जाव होतो. डोंगरात जायचा हंगाम आणि हे निर्बंध एकाच वेळी येतात. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी पिकअप घेऊन तिच्यावर लाखो रुपयांचा डबा चढवणे शहाणपणाचे नाही. बीएस-६ गाडीच घ्यावी.

चाचणी : दिल्लीचा जानेवारी कॅम्परची परीक्षा घेण्याइतका थंड नसतो. पहिली रात्र नारकंडा किंवा मनालीला काढावी, जिथे चूक झाली तर हॉटेल जवळ असते. सकाळी भिंतीचे कोपरे, गादीची खालची बाजू, खिडकीच्या चौकटी हाताने चाचपून पाहाव्यात. दुसरी चाचणी सिस्सूला, हीटर रात्रभर चालवून. तेथेही डबा कोरडा राहिला आणि घंटी वाजली नाही, तरच किन्नौरमार्गे काझाला निघावे. नाहीतर गाडी परत दिल्लीला आणून फोम आणि झडपा दुरुस्त कराव्यात.