ठरवून केलेली टंचाई

३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये सोनीचे पहिले प्लेस्टेशन विक्रीला आले. त्याला वीस वर्षे झाली म्हणून २०१४ मध्ये कंपनीने जुन्या करड्या रंगातले प्लेस्टेशन ४ काढले. साऱ्या जगासाठी फक्त १२,३००! आकडा तारखेवरून घेतलेला: बारावा महिना, तिसरा दिवस. संकेतस्थळांवर ते बघता बघता संपले आणि लिलावात चढ्या भावाने दिसू लागले. अमेरिकेत २०१६ मध्ये तिकिटे लाटणाऱ्या सॉफ्टवेअरविरुद्ध कायदा झाला, पण तो खेळण्यांना लागू नाही.

आमच्या वेळीही स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, वर 'ऑन'चे पैसे घेणारे होतेच. पण ती टंचाई खरी होती आणि नंबर कधीतरी लागायचा. इथे टंचाईच विकायला काढलेली! पोरांनी हिरमुसायचे, दलालांनी कमवायचे. मला तरी हे पटत नाही. तुम्हाला?